खरवडलेल्या लोण्याचा आठवडा

कोपनहेगनच्या त्या थोरल्या इस्पितळाला शहरातली माणसं वीटभट्टी म्हणतात. लाल विटांच्या सतरा इमारती, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर, आणि मधल्या मोकळ्या जागेत सायकलीच सायकली. या वीटभट्टीला यंदा दीडशे वर्षं पूर्ण होत होती. आता दीडशे वर्षं झाली म्हटल्यावर गप्प कसं बसायचं? संचालक मंडळानं ठराव केला, की इस्पितळानं वैद्यकशास्त्राला दिलेल्या शंभर देणग्यांचं एक जाडजूड पुस्तक काढायचं. शंभरच का, असं कुणी विचारलं नाही. जनसंपर्क विभागानं कंबर कसून शोध घेतला, तेव्हा चारचौघांत सांगण्यासारख्या देणग्या भरल्या एकेचाळीस. मग समिती नेमली गेली. समितीनं चार महिने कॉफी पिऊन उरलेल्या एकोणसाठ उभ्या केल्या. लघवीच्या भांड्यावर झाकण ठेवणारं देशातलं पहिलं इस्पितळ आपलंच, ही त्यांतली एक. तिला पुस्तकात रंगीत फोटोसकट अख्खं पान मिळालं.

पहिल्या नंबराबद्दल मात्र समितीत वाद झाला नाही. तो मान 'अठराशे पुरुष' या अभ्यासाचा. बहात्तर साली वीटभट्टीतल्या डॉक्टरांनी शहरातले अठराशे धडधाकट पुरुष निवडले. बंदरावरचे, बसवरचे, बिअरच्या कारखान्यातले. दर पाच वर्षांनी मार्चचा पहिला आठवडा त्यांनी खाल्लेला घास न् घास वहीत लिहायचा, आणि पुढं कोण कशानं कधी मरतो ते डॉक्टरांनी बघायचं. शेवटचा माणूस मरेपर्यंत अभ्यास चालवायचा, असं पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. या अभ्यासातून जगाला कळलं, की पावावर लावलेलं लोणी पुन्हा खरवडून काढणारे पुरुष ठणठणीत राहतात. त्यावरून पिवळा कागद निघाला. ज्याचं हृदय जरा कुरकुरलं त्याच्या हातात वीटभट्टी गोळ्यांबरोबर हा कागद देते: लोणी लावलंच तर खरवडून, लिव्हरची पेस्ट वर्ज्य, साय वर्ज्य, बदकाचं कातडं वर्ज्य. देशभर फ्रिजच्या दारांवर हा कागद चिकटलेला आहे.

अठराशेंपैकी सतराशे नव्व्याण्णव जण एकेक करून शास्त्राच्या कामी आले होते. उरला होता एकटा थॉर्किल.

थॉर्किल एक्क्याण्णव वर्षांचा होता. बंदरात क्रेन चालवण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली. दिवसभर वर एकटं बसायची सवय झाल्यामुळं तो मुळातच कमी बोलायचा, आणि बोलायचा तेव्हा लोकांचं लक्ष दुसरीकडं असायचं. आता तो म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या एका नीटनेटक्या इमारतीत दोन खोल्यांत राहत होता. समोरच्या दारी टोवे. ती शहाऐंशीची, पूर्वी टपाल खात्यात होती, आणि जीभ अशी की पोस्टमास्तरसुद्धा टरकून असायचे. दुपारचं जेवण दोघं एकत्र घ्यायची, एक दिवस तिच्याकडं, एक दिवस याच्याकडं.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात जनसंपर्क विभागातली सिग्ने नावाची तरुणी फोटो काढायला आली. आल्याआल्या तिनं बूट दाराशी काढले, थॉर्किलला मिठी मारली आणि त्याच्या हातात राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा दिला. तोही तिनं येताना बरोबर आणला होता.

"असा तोंडाशी धर. हसून. अगं बाई, किती गोड दिसतोयस! अजून जरा निरोगी दिस."

"मला एक सांगायचं होतं," थॉर्किल म्हणाला.

"भाषणात सांग ना. तीन मिनिटं ठेवलीत तुझ्यासाठी. मग गाणं, मग केक."

"ते लोण्याचं जे आहे ना—"

"लोण्यावरच बोल तू! अगदी मनातलं बोल. फक्त तीन मिनिटांत."

"त्याला तीन मिनिटं पुरतात," कोपऱ्यातून टोवे म्हणाली. "त्यानं लग्नाची मागणी दीड मिनिटात उरकली होती. त्याच्या बायकोनंच सांगितलं होतं मला, ती होती तेव्हा."

सिग्ने खळखळून हसली, आणखी दहा-बारा फोटो काढून निघून गेली. पावाचा तुकडा तसाच टेबलावर राहिला.

थॉर्किलला जे सांगायचं होतं ते असं. बहात्तर साली बंदराच्या कॅन्टीनमध्ये लिस्बेट नावाची एक नर्स आली होती. वीस-बावीस वर्षांची, नोकरी नवी, कपडे कडक इस्त्रीचे. तिनं त्याच्यापुढं तीन चित्रं मांडली. पहिल्यात पावावर लोणी लावून पुन्हा खरवडून काढलेलं. दुसऱ्यात बेताचं. तिसऱ्यात दातलोणी, म्हणजे घास तोडला की दातांचे ठसे उमटावेत इतकं जाड. यातलं तुझं कुठलं, असं तिनं विचारलं. थॉर्किलचं अर्थातच तिसरं. त्याच्या बापाचं तिसरं, आजाचं तिसरं. पण लिस्बेटचं बोट नकळत पहिल्या चित्रापाशी थांबलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की तिला नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. तो "पहिलं" म्हणून गेला. लिस्बेटनं आनंदानं खूण केली.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण मग हातात वही आली, आठवडाभर रोज लिहायची. आणि थॉर्किल खोटं लिहिणाऱ्यांतला नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नसतानासुद्धा लाल दिव्यापुढं उभा राहणारा माणूस तो. मग त्यानं वाट काढली तीही सरळमार्गी माणसाची. त्या सात दिवसांत तो खरोखरच लोणी खरवडून खायचा. जे खायचा ते ग्रॅमसकट लिहायचा. आठव्या दिवशी वही टपालात पडली की बायको रिग्मोर पाव कापायला घ्यायची आणि हा दातलोणी लावायला घ्यायचा, ते पाच वर्षांनंतरच्या मार्चपर्यंत. पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो, तसं शास्त्र येणार म्हणून तो पोट आवरायचा. अशा अकरा वह्या त्यानं भरल्या होत्या, आणि एकाही वहीत एक अक्षर खोटं नव्हतं.

मनाची समजूत त्यानं अशी घातली होती की अठराशेंत आपण एकटेच लबाड. एकानं काय होतंय? बाकीचे सतराशे नव्व्याण्णव तर खरं जगताहेत.

मग दोन हजार नऊ साली रिग्मोरच्या छातीत कळ आली. वीटभट्टीनं तिला चार दिवसांत उभं केलं, ते काम चोख केलं, त्याबद्दल थॉर्किलला कधीच तक्रार नव्हती. पण घरी येताना तिच्या पिशवीत पिवळा कागद होता. रिग्मोर शाळेत शिवण शिकवायची. आखलेली रेघ सोडून तिची सुई कधी गेली नाही. तिनं कागद फ्रिजवर लावला आणि त्या दिवसापासून लोणी खरवडायला सुरुवात केली.

"अगं, मी खातो ते तू बघतेस ना?" थॉर्किल म्हणाला होता. "मी त्यांच्याच यादीतला आहे."

"तू लबाड आहेस म्हणून बाकीचे सगळे लबाड असतील का?" ती म्हणाली. "उगीच छापतील का ते?"

त्यानं आपलं लोणी शहराबाहेरच्या त्यांच्या चिमुकल्या बागेतल्या खोपीत नेऊन ठेवलं, आणि गुलाबांना पाणी घालायच्या निमित्तानं तिथं जाऊन तो खाऊ लागला. एकदा नातीच्या बारशाला टेबलावर ताज्या लोण्याचं भांडं फिरत आलं. रिग्मोरनं ते उचललं, नाकाशी धरलं, डोळे मिटून वास घेतला आणि शेजारच्याकडं सरकवलं. सहा वर्षं ती असं खरवडत राहिली, आणि दोन हजार पंधराच्या थंडीत झोपेतच गेली.

पुढच्या वर्षी त्याचा बंदरावरचा जोडीदार विली वारला. विलीही अठराशेंतलाच. पुरून झाल्यावर कॉफी पिताना विलीची बायको म्हणाली, "चला, ते मार्चचं सोंग तरी संपलं एकदाचं. आठवडाभर लोणी खरवडायचा आणि आठवडाभर माझ्यावर खेकसायचा." मग थॉर्किल अठराशेंतल्या प्रत्येकाच्या मयतीला आवर्जून जाऊ लागला आणि प्रत्येक बायकोला हळूच विचारू लागला. बसवाल्याची बायको हसली. बिअरवाल्याची बायको लाजली. बाविसांपैकी बावीसजणींनी तेच सांगितलं. कुणालाच खोटं लिहायचं नव्हतं, आणि कुणालाच त्या नर्सचं मन मोडायचं नव्हतं. म्हणून अख्ख्या शहरातले पुरुष पाच वर्षांतून एकदा सात दिवस पथ्यानं राहत होते, आणि त्या सात दिवसांवर वीटभट्टीनं पिवळा कागद छापला होता. हे कळल्यावर थॉर्किल बऱ्याच रात्री नीट झोपला नाही. हे आपण रिग्मोर असतानाच विचारलं असतं तर, हा एकच विचार त्याला पोखरत राहिला.

आणि आता टोवे. महिन्यापूर्वी तिच्या छातीत दुखलं, चार दिवस ती वीटभट्टीत राहून आली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या फ्रिजवर पिवळा कागद झळकला. जेवणात रंग राहिला नाही. टोवे पाव पुढ्यात घेऊन बसायची, त्याच्यावर लोण्याची सुरी नुसती फिरवायची आणि जगावर चिडायची.

थॉर्किलनं तिला सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून.

"झालं सांगून?" टोवे म्हणाली. "आता तू मला सांग, तू प्रोफेसर आहेस का क्रेनवाला?"

"क्रेनवाला. पण मीच तो अभ्यास आहे, टोवे. माझ्याशिवाय आता उरलंय कोण?"

"कागदावर शिक्का त्यांचा आहे, तुझा नाही. त्यांनी लिहून दिलं तर आत्ता खाते. तुझ्या तोंडच्या वाफेवर विश्वास ठेवून मला मरायचं नाही." मग जरा वेळानं, आवाज उतरवून ती म्हणाली, "भीती वाटते रे. त्या पलंगावर पडलं ना, की कागदावर जे असेल ते करावंसं वाटतं."

थॉर्किलनं वीटभट्टीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: पत्राबद्दल आभार, ते संबंधित विभागाकडं पाठवण्यात आलं आहे. आठ दिवसांनी संबंधित विभागाचं उत्तर आलं: पत्राबद्दल आभार, ते संबंधित विभागाकडं पाठवण्यात आलं आहे. तेव्हा त्यानं ठरवलं, की आता समारंभातच सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. तीनशे माणसांसमोर सांगितल्यावर तरी त्यांना कागद मागं घ्यावा लागेल. टोवेला बरोबर चल म्हटलं, तर ती म्हणाली, "तिथं केक असणार, आणि मला तो खाता येणार नाही. तू जा. येताना शिक्का घेऊन ये."

समारंभ शुक्रवारी सकाळी दहाला सुरू झाला. मुख्य दालनात टेबलाटेबलावर लाल-पांढरे झेंडे, सगळीकडं मेणबत्त्या, आणि मध्यभागी बदामाच्या कड्यांचा उंच केक. संचालक बोलले, महापौर बोलल्या, मग एका जपानी पाहुण्यानं लवून नमस्कार केला. शेवटी सिग्नेनं माईक घेतला आणि प्रत्येकाच्या ताटाखाली ठेवलेला कागद काढायला सांगितलं. गाणं होतं. चाल सगळ्यांच्या ओळखीची, शब्द जनसंपर्क विभागाचे. अकरा कडवी, दर वहीला एक. तीनशे डॉक्टर, नर्सा आणि अधिकारी उभे राहून कागदात बघत गाऊ लागले. थॉर्किलनं सत्त्याऐंशी साली किती बटाटे खाल्ले, सत्त्याण्णव साली त्याचं पोट कसं साफ होत होतं, सगळं यमकात बसवलेलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'खरवड रे खरवड' होतं आणि तिथं पाय आपटायचे होते. थॉर्किलला जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं असं वाटत होतं. गाणं संपल्यावर त्याच्या नावानं तीन तीन वेळा मिळून नऊ जयजयकार झाले. जुन्या इमारतीची एक वीट पॉलिश करून तिच्यावर पितळी पट्टी ठोकली होती. ती त्याच्या हातात दिली. वीट चांगली जड होती. ती छातीशी धरून तो माईकपाशी गेला.

"मी लोणी खरवडत नाही," तो म्हणाला.

हशा झाला.

"कधीच खरवडलं नाही. फक्त मार्चच्या त्या आठवड्यात. बाकी कायम दातलोणी."

मोठा हशा झाला. महापौरांनी शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"मी चेष्टा करत नाही. विलीनं तेच केलं. बसवाल्या एगननं तेच केलं. मी बावीस विधवांना विचारलं."

इथं तर लोक टेबलं बडवायला लागले. या शहराला कोरड्या चेहऱ्यानं सांगितलेला विनोद फार आवडतो, आणि क्रेनवाल्याइतका कोरडा चेहरा दालनात दुसऱ्या कुणाचा नव्हता. थॉर्किलनं एकदा सगळीकडं नजर फिरवली. त्याला पुढं बायकोबद्दल सांगायचं होतं. पण ते नाव या हशात टाकायला त्याचं मन धजेना. तो विटेसकट खाली उतरला, तर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सिग्नेच्या डोळ्यांत पाणी होतं. "बरोबर तीन मिनिटं," ती म्हणाली.

केक कापेपर्यंत प्रोफेसर आसगर त्याच्यापाशी आला. अठराशे पुरुषांचा हा तिसरा मुखत्यार. पहिले दोघे अभ्यास चालू असतानाच निवृत्त होऊन, त्यांतला एक तर लोणी खात खात, वारले होते. आसगर पन्नाशीचा, उत्साही, सायकलवरून येणारा माणूस होता.

"काय धमाल केलीस रे थॉर्किल! अजून हसताहेत लोक."

"तू नाही हसलास."

आसगरनं इकडंतिकडं बघितलं. "चल, माझ्या खोलीत बसू. इथं गोंगाट आहे."

सात नंबरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती. भिंतीभर फायली, आणि खिडकीतून समोर सायकलींचा तळ. थॉर्किलनं वीट टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसला.

"मी खरं सांगत होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तो आठवडा." आसगरनं नवं कोरं पुस्तक उघडलं आणि त्याच्यापुढं सरकवलं. "देणगी क्रमांक चौसष्ट. अठ्ठ्याऐंशी सालची. तुम्हाला बंदरावर सप्टेंबरात फ्लूची लस दिली होती, तेव्हा थोडं रक्तही घेतलं होतं. त्या रक्ताचा मार्चच्या वह्यांशी मेळच बसेना. माझ्या आधीच्या प्रोफेसरांनी छडा लावला. माणूस लिहायच्या आठवड्यात वेगळं खातो! आज जगभर आपला दाखला देतात. तो जपानी पाहुणा कशासाठी आलाय? चौसष्टसाठी."

थॉर्किल त्या पानाकडं बघत राहिला. पानावर एक आलेख होता. मार्चमध्ये खड्डा आणि बाकी वर्षभर डोंगर.

"म्हणजे मी लबाडी केली, तीही तुमचीच देणगी?"

"फार मोलाची."

"आणि पहिल्या नंबरला मी खरवडतो, म्हणून सत्कार."

"पुस्तक विभागवार आहे," आसगर म्हणाला. "पहिला नंबर आहारात येतो. चौसष्ट येतो संशोधनपद्धतीत."

"मग पिवळा कागद अजून का वाटता?"

"तो आम्ही नाही वाटत. तो आहार विभागाचा. ते बारा नंबरच्या इमारतीत."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"निबंध छापला होता ना आम्ही. वाचायला नको का त्यांनी?"

"बारा नंबर कुठं आहे?"

आसगरनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. सायकलींच्या तळापलीकडं, हाकेच्या अंतरावर, विटांवर पांढरा बारा दिसत होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकीत कुंडीला पाणी घालत होतं.

थॉर्किलनं हिशेब केला. अठ्ठ्याऐंशी. रिग्मोरला कागद मिळाला दोन हजार नऊला. एकवीस वर्षं आधीपासून या खोलीतल्या माणसांना ठाऊक होतं. आणि इतकी वर्षं रात्री छताकडं बघत आपण मात्र समजत होतो, की हे पाप आपल्या एकट्याच्या डोक्यावर आहे. त्याला आधी हलकं वाटलं, आणि मग राग आला. क्रेनवर असताना राग आला की तो काम थांबवायचा. आता त्यानं दोन्ही हात विटेवर दाबून धरले.

"माझी शेजारीण आहे, टोवे," तो म्हणाला. "तिला कागद मिळालाय. तिला आत्ताच्या आत्ता एक ओळ लिहून दे. शिक्का मारून."

"असं एकेका व्यक्तीला नाही देता येत. कागदाचा फेरविचार दोन वर्षांनी ठरलेलाच आहे. गट नेमतील, मग हरकती मागवतील—"

"ती शहाऐंशीची आहे."

"आणि मी लोणी खा असं थोडंच लिहू शकतो? तुमच्या वह्यांवरून लोण्याबद्दल काहीच ठरत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही."

"तेवढंच लिही."

"आज? उत्सवाच्या दिवशी?" आसगर दुखावल्यासारखा हसला. "थॉर्किल, तू थकलायस. केक खाऊ या चल."

थॉर्किल उठला नाही. "ते नाव काढून घ्यायचं पत्रक असतं ना, ते दे," तो म्हणाला. "सहभागी व्यक्ती कधीही बाहेर पडू शकते, कारण देण्याची गरज नाही. दर पाच वर्षांनी सहीच्या वर हे छापलेलं असतं. अकरा वेळा वाचलंय मी."

"वाचलंस?" आसगरला खरंच नवल वाटलं. "ते कुणी वाचत नाही." मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. "तू असं करू नकोस हं. तू शेवटचा आहेस. आता आम्हाला तुझ्याकडून काही नको. वही नको, रक्त नको, अगदी काही नको. फक्त तुझा—"

"फक्त माझा काय?"

आसगर घुटमळला. "मृत्यू," तो म्हणाला. "म्हणजे घाई नाही. सावकाश होऊ दे. फक्त तारीख आणि कारण. तेवढा एक आकडा आला की अभ्यास पूर्ण."

"आणि मी बाहेर पडलो तर?"

"तर तो आकडा आम्हाला बघतासुद्धा येणार नाही. कायदा आहे. आधीचं सगळं राहील, पण अभ्यास कायमचा अपुरा. त्रेपन्न वर्षं रे! आणि पुस्तकात 'शेवटच्या माणसापर्यंत पूर्ण झालेला' असं छापलंय."

"मी मेलो असं छापलंय?"

"तसं नाही. जरासं आधी लिहिलं, इतकंच. पुन्हा पुन्हा कोण पुस्तक काढणार?"

खालून दालनातला आवाज येत होता. कुणीतरी पुन्हा 'खरवड रे खरवड' सुरू केलं होतं आणि पाय आपटत होतं. आसगरनं खण ओढला, इस्पितळाचं नाव छापलेला कागद काढला आणि भराभर लिहिलं: अठराशे पुरुषांच्या अभ्यासावरून लोणी किती खावं याबद्दल काहीही सांगता येत नाही. खाली सही केली, शिक्का दोनदा मारला, कारण पहिला पुसट उठला होता.

"घे. तुझ्या शेजारणीला. आता झालं समाधान?"

थॉर्किलनं चष्मा लावून ओळ वाचली, पुन्हा वाचली, कागदाची नीट घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. टोवे काय म्हणेल ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. अक्षर केवढं घाणेरडं आहे, असं म्हणेल आणि सुरी उचलेल.

"आता पत्रक," तो म्हणाला.

"अरे! आपलं ठरलं ना?"

"तू ठरवलंस. मी काही बोललो नाही. पत्रक देणं तुला भाग आहे, तेही छापलेलं असतं."

आसगरनं ते शेवटी दिलं. न देऊन करतो काय? त्या खोलीत नियम मोडण्याइतका बेडर कुणीच नव्हता. थॉर्किलनं आपला नंबर लिहिला, चौदाशे सहा. नाव लिहिलं, तारीख घातली, सही केली. खाली एक रिकामी ओळ होती: कारण, द्यायचं असल्यास. तिथं तो थांबला. मग क्रेनवाल्याच्या मोठ्या, सरळ अक्षरांत त्यानं एकच शब्द लिहिला आणि कागद पुढं सरकवला.

आसगरनं वाचलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. "रिग्मोर? ही कोण? अठराशेंच्या यादीत तर हे नाव नाही."

"ती माझी बायको," थॉर्किल म्हणाला. "कागद तिलाही दिलात. मोजलंत फक्त आम्हाला."